पंधरा गुणिले तीन : पहिला डीजे संच घेताना झालेली फसवणूक

मी हिशेबनीस आहे. दुसऱ्यांच्या खात्यांतले न जुळणारे आकडे शोधून काढणे हाच माझा पोटापाण्याचा उद्योग असल्यामुळे पुढचे सारे लिहिताना मला संतापापेक्षा लाज अधिक वाटते आहे, हे सुरुवातीलाच कबूल करतो. फिरता डीजे म्हणून सुट्टीच्या दिवशी लहान कार्यक्रम घ्यावेत, या इच्छेपायी मी चार वर्षे पैसे बाजूला टाकले आणि ते सगळे एका माणसाच्या हवाली करून आलो. भाव जागोजागी वेगळे असतात, म्हणून त्या बचतीचे १०० भाग धरून हिशेब मांडतो. दोन स्पीकर ५५ भाग, कंट्रोलर (लॅपटॉपला जोडून गाणी हाताळायची पाटी) २२, मायक्रोफोन ६, स्टँड आणि केबली ९, आणि ‘वॉरंटी तुमच्या नावावर करण्याचा खर्च’ म्हणून ८. या शंभरातले आजवर परत आले ते ११, आणि तेही स्टँड आणि कंट्रोलर सुटे भाग म्हणून विकल्यामुळे.

योजना जुनीच होती. ‘धंदा बंद करतोय, पूर्ण संच एकत्र देतोय, सुटे विकणार नाही’ अशी जाहिरात, सोबत झगमगत्या कार्यक्रमाची छायाचित्रे, आणि ‘आणखी दोघे विचारत आहेत’ हा ठरलेला धाक. पाहण्याआधीच ३० भाग बयाणा म्हणून मागितले गेले आणि मी ते दिले. इथे मला कोणी मूर्ख म्हणू नये. मी तीन महिने वाचन केले होते, नव्या वस्तूंचे भाव एका तक्त्यात उतरवून घेतले होते, आणि हा संच नव्याच्या अर्ध्या किमतीच्या जरा वर बसत होता. अगदीच स्वस्त असता तर मला संशय आला असता. त्या माणसाने किंमत नेमकी तिथे ठेवली होती, जिथे माझ्यासारखा सावध माणूस स्वतःच्या सावधपणावर खूश होतो.

प्रात्यक्षिकही झाले, तेही त्याच्याच खोलीत. जेमतेम तीन मीटर लांब आणि तेवढीच रुंद खोली, दारे-खिडक्या बंद, आणि १५ इंची दोन पेट्या भिंतीला टेकून ठेवलेल्या. अशा खोलीत साधा घरगुती स्पीकरही छाती दणाणून सोडतो, कारण भिंती आवाज परत फेकतात आणि ऐकणारा दोन हातांवर उभा असतो. मला मात्र वाटले, काय ताकद आहे! स्पीकर कधीही खोलीत ऐकून घेऊ नका. पेट्या उघड्यावर न्या, वीस-पंचवीस पावले दूर जाऊन उभे राहा आणि तिथून ऐका. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झाले की आवाज सुमारे ६ डेसिबलने खाली येतो. नकार देणाऱ्याला कारण विचारत बसू नका, सरळ निघा.

आता तो क्षण. तो आठवला की मला आजही रात्री उठून बसावेसे वाटते. पेट्यांच्या पाठीवर चंदेरी अक्षरांत ‘२४०० वॉट’ असे छापले होते, प्रत्येकी. त्याने आवाज बंद केला, पेटीवर थाप मारली आणि म्हणाला, “दादा, लाइट गेली तरी चिंता नाही. आत बॅटरी आहे, सहा तास आरामात वाजते.” आणि मग एका पिशवीतून त्याने दोन काळे अडॅप्टर काढून माझ्या हातात दिले, लॅपटॉपचे असतात तसे. मी ते हातात घेतले. इतकेच नव्हे, तर उलटे करून त्यांच्यावरचे बारीक अक्षर वाचलेही : १५ व्होल्ट, ३ अँपिअर. वाचले आणि पिशवीत ठेवून दिले.

पंधरा गुणिले तीन म्हणजे पंचेचाळीस. व्होल्ट आणि अँपिअर यांचा गुणाकार म्हणजे वॉट, हे शाळेत शिकलेले. ज्या पेटीत भिंतीतून ४५ वॉटच शिरतात ती पेटी २४०० वॉट कुठून आणणार? मधला फरक बॅटरी भरून काढते असे म्हणावे, तर तिचेही गणित नंतर दुरुस्ती करणाऱ्या कारागिराने पेटी उघडल्यावर समजले. आत १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बॅटरी होती, म्हणजे ८४ वॉट-तास. खरोखर २४०० वॉट ओढले, तर ती दोन मिनिटांत संपेल. कोणी म्हणेल की संगीत सतत शिखरावर नसते, सरासरी पुष्कळ खाली असते. मान्य. सरासरी म्हणून आठवा हिस्सा, ३०० वॉट धरा. तरी १७ मिनिटेही निघत नाहीत. आणि सहा तासांचा दावा खरा मानायचा, तर ८४ भागिले ६ म्हणजे सरासरी १४ वॉट. ‘२४०० वॉट’ आणि ‘सहा तास’ ही दोन वाक्ये त्याने एका श्वासात उच्चारली, ती एकमेकांना खोटे ठरवत होती, आणि दिवसभर ताळेबंद जुळवणारा मी समोर उभा राहून मान डोलावत होतो. त्या दिवशी मी कार्यालयातून थेट गेलो होतो, दमलो होतो, बयाणा आधीच दिलेला होता; ही कारणे मी स्वतःला शंभर वेळा सांगितली आहेत. खरे कारण एवढेच की ३० भाग दिल्यानंतर मला ती वस्तू चांगलीच असायला हवी होती. बयाणा हा वस्तू राखून ठेवण्यासाठी नसतो, तो गिऱ्हाइकाला राखून ठेवण्यासाठी असतो.

वॉटच्या आकड्याविषयी इथेच सांगून टाकतो. ‘पीएमपीओ’ (क्षणभराच्या शक्तीचा फुगवलेला आकडा) हा शब्द दिसला की पाठ फिरवा. नावाजलेल्या कंपन्याही मोठा ‘पीक’ आकडा पुढे करतात आणि तो बहुधा सततच्या शक्तीच्या दुप्पट असतो, म्हणून सततची म्हणजे आरएमएस शक्ती विचारा, आणि त्याहूनही आधी कमाल आवाज किती डेसिबल आहे ते विचारा. वॉट दुप्पट झाले तरी आवाज ३ डेसिबलनेच वाढतो. कानाला दुप्पट वाटायला सुमारे दहापट वॉट लागतात. त्यामुळे प्रामाणिक १० किंवा १२ इंची सक्रिय स्पीकरची जोडी, ज्यात अँप्लिफायर आतच असतो आणि मागे थेट विजेची केबल लागते, ती नवख्या डीजेला लहान कार्यक्रमांसाठी पुरते. १५ इंचांचा शंकू पाहून भुलू नका. माझ्या पेटीतल्या शंकूमागचे चुंबक तळहातावर मावेल एवढे होते, आणि पुढे दिसणाऱ्या दोन ट्वीटरपैकी (उंच स्वरांचे छोटे स्पीकर) एकाला तारच जोडलेली नव्हती. तो शोभेचा होता.

उरलेले ६२ भाग मी तिथेच बँकेतून वळते केले. दोन दिवसांनी वॉरंटीसाठीचे ८ मागितले, तेही दिले. त्यानंतर त्याचा फोन लागला नाही.

पहिला कार्यक्रम एका ओळखीच्या कुटुंबाचा, साधारण १२० माणसांचा. तिसऱ्या रांगेपलीकडे शब्द पोहोचत नव्हते, आवाज वाढवला की फाटत होता, आणि पाऊण तासात एक पेटी गरम होऊन बंद पडली. यजमान काही बोलले नाहीत, हेच अधिक लागले. घेतलेले मानधन मी त्याच रात्री परत केले.

कंट्रोलरची कथा थोडी वेगळी, कारण तो खोटा नव्हता, खोटे त्याच्याविषयी बोलले गेले. ‘आत साउंड कार्ड आहे आणि सेराटो प्रोचा पूर्ण परवाना सोबत आहे’ असे सांगितले होते. सेराटो प्रो म्हणजे गाणी जुळवून वाजवण्याचे सॉफ्टवेअर, आणि साउंड कार्ड म्हणजे लोकांसाठी आणि हेडफोनसाठी आवाज बाहेर काढणारा भाग. प्रत्यक्षात ती नुसती चाके, बटणे आणि फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) असलेली पाटी होती. तिला हेडफोनचे भोकच नव्हते. मी विचारलेही होते. “हेडफोन लॅपटॉपला लावायचा, सगळे तसेच करतात,” हे उत्तर मी गिळले. लॅपटॉपला आवाजाचा एकच निर्गम असेल, तर पुढचे गाणे हेडफोनमध्ये गुपचूप ऐकून जुळवणे आणि चालू गाणे लोकांना ऐकवणे या दोन गोष्टी वेगवेगळ्या जमत नाहीत; फार तर दुभाजक केबल लावून डावी बाजू लोकांना आणि उजवी आपल्या कानाला, अशी मोनो तडजोड होते. आणि परवाना म्हणजे त्याने पेनड्राइव्हवरून माझ्या लॅपटॉपवर चढवलेली प्रत होती, जी पहिल्याच अद्ययावतीकरणानंतर पैसे मागू लागली. नवशिक्यांच्या पुष्कळ कंट्रोलरांबरोबर सेराटोची मोफत लाइट आवृत्ती चालते आणि प्रो वेगळी विकत घ्यावी लागते. काही उपकरणे जोडली की प्रो आपोआप खुली होते. तुमचे उपकरण यांपैकी कोणते, हे कंपनीच्या स्वतःच्या यादीत तपासा. सॉफ्टवेअर तुम्ही स्वतः उतरवून घ्या, लॅपटॉप तुमचा न्या, हेडफोन तुमचा न्या, आणि विकणाऱ्यासमोर दोन गाणी जुळवून दाखवा. लाजू नका.

मायक्रोफोन हा शुअर एसएम५८ म्हणून विकला गेला. १९६६ सालापासून बनत असलेला हा मायक्रोफोन इतका प्रसिद्ध आहे की त्याच्या नकलांनी बाजार भरलेला आहे, आणि हे मला ठाऊक होते. खरा सुमारे २९८ ग्रॅम वजनाचा असतो आणि त्याच्या एक्सएलआर जोडणीतल्या तीन पिनांजवळ १, २, ३ असे अंक असतात. नकलेत पुष्कळदा नुसते ठिपके दिसतात. माझ्याकडे ठिपके आहेत. केबलींविषयी एकच सांगतो : लांब अंतरासाठी एक्सएलआरच वापरा, आरसीएच्या (लाल-पांढऱ्या टोकांच्या घरगुती) लांब तारा गुणगुण ओढून आणतात. त्या ९ भागांतल्या एकाही केबलीचा सांधा नीट डाखलेला नव्हता.

मग तक्रारी सुरू झाल्या. पोलिसांकडे गेलो, तेव्हा समोरच्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, “वस्तू मिळाली ना?” मिळाली म्हटल्यावर त्यांनी लेखणी खाली ठेवली. वस्तू मिळाली असेल तर फसवणूक कसली, हा दिवाणी वाद आहे, न्यायालयात जा. मी अडॅप्टर टेबलावर ठेवून गुणाकार समजावू लागलो, तर ते हसून म्हणाले की वाजतात ना पेट्या? वाजतात, हेच माझे दुर्दैव. दगड भरलेले खोके मिळाले असते, तर गुन्हा नोंदला गेला असता. वाजणारे खोके मिळाले म्हणून मी फिर्यादीऐवजी चिडखोर गिऱ्हाईक झालो. ग्राहकांच्या तक्रारी घेणाऱ्या कार्यालयाने अर्ज ठेवून घेतला आणि १९ दिवसांनी कळवले की विकणारा व्यापारी नसून खासगी व्यक्ती आहे, सबब तक्रार कार्यकक्षेबाहेर. तोच माणूस दर महिन्याला ‘धंदा बंद करतोय’ म्हणून नवा संच विकतो, याचे पुरावे म्हणून मी पाच जुन्या जाहिरातींची चित्रे जोडली होती. ती उघडून पाहिल्याची कोणतीही खूण त्या उत्तरात नाही. बँकेने सांगितले की पैसे तुम्ही स्वतः, स्वतःच्या हाताने, स्वतःच्या संमतीने पाठवले आहेत. जाहिरात जिथे होती त्यांनी लिहिले की व्यवहार आमच्या व्यवस्थेबाहेर झाला, म्हणून आम्ही दिलगीर आहोत. मी ४१ दिवसांत १७ पत्रे लिहिली, ९ उत्तरे आली, आणि त्यांतली ६ शब्दशः सारखी होती, माझे नावही एका ठिकाणी चुकलेले. या चारही दारांवर प्रत्येकाने मला पुढच्या दाराचा पत्ता दिला, आणि चौथ्याने पुन्हा पहिल्याचा. वरून प्रत्येकाने सल्ला दिला की पुढच्या वेळी काळजी घ्या. त्यांचा पगार मी भरतो, आणि काळजीही मीच घ्यायची!

तरीही तक्रार करा, पण माझ्यासारखी उशिरा नको. वस्तूचे वर्णन विकणाऱ्याकडून लेखी घ्या, मोघम ‘डीजे संच’ नव्हे, तर सततची शक्ती, मॉडेल, अनुक्रमांक आणि परवाना या शब्दांत. माझ्याकडे ‘२४०० वॉट’ हे फक्त पेटीवर छापलेले होते. त्याच्या निरोपांत त्याने एकदाही आकडा लिहिलेला नव्हता, हे मला तक्रार लिहिताना उमगले. वॉरंटी दुसऱ्याच्या नावावर होते का, हे अनुक्रमांक देऊन कंपनीलाच विचारा; ते विचारायला माझ्या ८ भागांपैकी एकही लागला नसता.

सध्या मी स्पीकर भाड्याने आणतो. खरे तर सुरुवातच तशी करायला हवी होती, कारण चार कार्यक्रम भाड्याच्या सामानावर केले की आपल्याला काय लागते ते हाताला कळते. पण ज्याच्या खिशात चार वर्षांची बचत खुळखुळत असते त्याला भाड्याची गोष्ट कमीपणाची वाटते, तशी मलाही वाटली.

त्याची नवी जाहिरात मागच्या आठवड्यात पुन्हा दिसली. मी तिच्याविरुद्ध कळवले. ‘नियमभंग आढळला नाही’ असे उत्तर आले. पेट्यांची घडण तीच, आकडा आता ३००० वॉट, ‘धंदा बंद करतोय’ हेही तेच. छायाचित्रांत दोन्ही पेट्या, स्टँड, मायक्रोफोन, गुंडाळलेल्या केबली असे सारे मांडलेले आहे आणि अडॅप्टर मात्र कुठेही दिसत नाहीत. तुम्ही गेलात, तर आवाज सुरू करायच्या आधी ते मागून घ्या.