एक्सेलमध्ये सुरुवातीची शून्यं टिकवणं: आठ महिन्यांच्या वापरानंतर

फाइल, ऑप्शन्स, डेटा. तिथे आपोआप होणाऱ्या रूपांतरांच्या यादीत 'रिमूव्ह लीडिंग झिरोज'ची खूण काढून टाकली, की ००४५१२ सारखा कोड टाइप करा, पेस्ट करा किंवा सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकुराची फाइल) डबल क्लिकने उघडा, शून्यं जागेवर राहतात. हे फार आधी यायला हवं होतं.

सुरुवातीला वाटायचं, कस्टम फॉरमॅटमध्ये सहा शून्यं लिहिली की भागतं. आता ते मत राहिलं नाही. त्याने शून्यं फक्त दिसतात; फॉर्म्युला बारमध्ये बघा, तिथे नुसता ४५१२ असतो. सीएसव्हीत सेव्ह करताना जे दिसतं तेच लिहिलं जातं, त्यामुळे फाइल बरोबर निघते आणि माणूस गाफील राहतो. मग दुसऱ्या शीटवर तोच कोड टेक्स्ट, म्हणजे मजकूर, असला की व्हीलुकअपला (दुसऱ्या यादीतून जुळणारी नोंद शोधणारं फंक्शन) तो सापडत नाही.

खरा संताप फाइंड अँड रिप्लेसचा. हे सेटिंग नसलेल्या जुन्या आवृत्तीत तर फारच जपा. ००-४५१२ मध्ये डॅश आहे तोवर तो मजकूर. डॅश काढला की उरलेलं सगळं नव्याने टाइप केल्यासारखं वाचलं जातं आणि जनरल (एक्सेलचा नेहमीचा फॉरमॅट) सेलमध्ये ४५१२ उरतो. नंतर फॉरमॅट टेक्स्ट केल्याने काही परत येत नाही. ताबडतोब कंट्रोल झेड. तेही हुकलं, तर टेक्स्ट फंक्शनने शून्यं भरता येतात, पण सगळे कोड सारख्याच लांबीचे असतील तरच. नाहीतर मूळ फाइल शोधा.

म्हणून डॅश काढायला शेजारच्या कॉलममध्ये सबस्टिट्यूट हे अक्षरं बदलणारं फंक्शन वापरा, त्याचं उत्तर नेहमी मजकूरच येतं. हा कॉलम जनरल ठेवा, टेक्स्ट केलात तर फॉर्म्युलाच छापल्यासारखा दिसेल. मूळ कॉलमला मात्र आधी टेक्स्ट फॉरमॅट द्या, मग तिथे ही उत्तरं पेस्ट व्हॅल्यूजने (फॉर्म्युला सोडून फक्त उत्तर) टाका. टेक्स्ट फॉरमॅट द्यायचा राहिला तर पुढे कुणी एफ२ दाबून (सेल संपादनाला उघडून) एंटर मारलं, की त्या सेलचा पुन्हा आकडा होऊ शकतो.

सेटिंगचे दोन तोटे. मॅक्रो (एक्सेलमधली कामं आपोआप करणारा छोटा प्रोग्राम) चालताना ते लागू होत नाही. आणि ते फाइलसोबत जात नाही, समोरच्याने तीच सीएसव्ही उघडली की त्याच्याकडे शून्यं गळणार. त्याला डेटा टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्हीने आणायला सांगा. तिथल्या 'ट्रान्सफॉर्म डेटा' खिडकीत कॉलमचा टाइप टेक्स्ट करताना विचारणा होते, तेव्हा 'रिप्लेस करंट'च निवडायचं. नवी पायरी जोडली तर आधीच्या पायरीत शून्यं गेलेलीच असतात.

सेलच्या कोपऱ्यात हिरवा त्रिकोण दिसेल, आकडा मजकूर म्हणून ठेवल्याचा इशारा. 'कन्व्हर्ट टू नंबर'ला हात लावू नका.