तीन सुऱ्या, तीन पोलादे

गेली सहा वर्षे आमच्या ओट्यावर तीन सुऱ्या आलटूनपालटून वापरात आहेत. एक जर्मन १.४११६ या न गंजणाऱ्या पोलादाची, दुसरी जपानी व्हीजी-१० ची आणि तिसरी जपानमधल्याच यासुगी येथे बनणाऱ्या शिरोगामी क्रमांक २ ची. तिन्हींची लांबी जवळपास सारखी असून धार मी घरीच, १००० ग्रिटच्या, म्हणजे मध्यम खरखरीत दगडावर पाणी घालून लावतो. त्यामुळे त्यांच्या वागण्यातला फरक मुख्यतः पोलादाचा आणि त्याला दिलेल्या पाण्याचा, म्हणजे तापवून-विझवून आणलेल्या कठीणपणाचा आहे, असे मी खात्रीने म्हणू शकतो.

माझे सर्वांत आवडते पोलाद शिरोगामी. या नावाचा अर्थ पांढरा कागद. पोलादावर लावल्या जाणाऱ्या कागदाच्या रंगावरून ते पडले आहे. त्यात १.०५ ते १.१५ टक्के कार्बन असतो आणि त्याखेरीज मुद्दाम मिसळलेले असे फारसे काही नसते. पोलाद कठीण असूनही दगडावर चटकन झिजते, पात्याच्या काठाला आलेला बर, म्हणजे घासताना उरलेली धातूची बारीक कड, दोन-चार हलक्या हातांत निघून जातो आणि मग कोथिंबिरीची जुडी अशी चिरली जाते, की पाने चेचली न गेल्यामुळे फळीवर हिरवे पाणी उतरत नाही आणि चिरलेली कोथिंबीर तासाभरानेही काळी पडत नाही. मात्र हे पोलाद गंजते. पहिल्याच दिवशी कैरी चिरली तेव्हा पाते निळसर-काळे झाले आणि फोडींना लोखंडी वास आला. विळीवर हात बसलेल्या माझ्या आईला त्यात काहीच नवल वाटले नाही, कारण जुन्या विळीच्या पात्याचाही हाच गुण. महिनाभरात पात्यावर करडा थर धरला आणि वास येणे थांबले. एकदा घाईत ही सुरी मी दारावर आलेल्या धारवाल्याकडे दिली. त्याच्या कोरड्या चाकावर ठिणग्या उडाल्या, टोक निळे पडले आणि तेवढ्या भागाचे पाणी उतरले. तो भाग दगडावर झिजवून काढायला मला बरेच दिवस लागले.

व्हीजी-१० विषयी मी अधिक आशा बाळगून होतो. सुमारे १५ टक्के क्रोमियममुळे ते गंजाला दाद देत नाही, आणि १ टक्का कार्बनमुळे धारही दीर्घकाळ टिकते. टोमॅटोची साल ते आठवड्यानंतरही सहज कापते. परंतु आपल्या स्वयंपाकात सुक्या खोबऱ्याची वाटी, सुरण, लाल भोपळा हे नित्याचे असतात. खोबरे कापताना मी सुरी किंचित वाकडी केली आणि धारेचा टवका उडाला. इतक्या कठीण आणि पातळ पात्यावर आडवा जोर देणे ही चूक माझीच होती. तरीही चार जणांच्या हाती जाणाऱ्या सुरीत ही भीती नको, असे माझे मत आहे.

जर्मन पोलादात कार्बन जेमतेम अर्धा टक्का असतो आणि कठीणपणा रॉकवेल सी मापावर ५५ ते ५७. त्याची धार लवकर बोथट होते, आणि दगडावर त्याचा बर काढताना चिकाटीची परीक्षा होते. पण ही धार तुटण्याऐवजी मुरडते, आणि मुरडलेली धार पोलादी सळईवर चार-सहा वेळा घासली, की सरळ होते. लिंबू कापून रात्रभर मोरीत राहिली तरी या सुरीला काही होत नाही, आणि तिची किंमतही तिघींत सर्वांत कमी होती. घरात एकच सुरी घ्यायची असेल, तर मी हिचीच शिफारस करीन. ज्यांना दगडावर बसण्याची आवड आहे, त्यांनी तिच्या जोडीला शिरोगामी अवश्य घ्यावी. वापर होताच पुसावी आणि पावसाळ्यात पात्यावरून खोबरेल तेलाचा हात फिरवूनच ठेवावी.