‘हॅव आय बीन पोन्ड’ : ईमेलला पक्कं, मोबाईल नंबरापाशी घोडं अडतं

एखाद्या कंपनीचा डेटा फुटल्याची बातमी आली की सोसायटीच्या ग्रुपवर पहिला प्रश्न ठरलेला असतो : ‘आपला त्यात आहे का?’ याचं उत्तर फुकटात, जाहिराती न दाखवता आणि लॉगिन करायला न लावता देणारी साइट म्हणजे ‘हॅव आय बीन पोन्ड’. ॲडोबीची सुमारे १५ कोटी ३० लाख खाती २०१३च्या ऑक्टोबरमध्ये फुटली, त्यानंतर दोनच महिन्यांनी ऑस्ट्रेलियातल्या ट्रॉय हंट यांनी ती सुरू केली. शेवटच्या शब्दाचं स्पेलिंग पी-डब्ल्यू-एन-ई-डी असं आहे. पत्ता टाइप करताना तेवढं सांभाळा.

वापर अगदी सोपा आहे. चौकटीत ईमेल टाका आणि बटण दाबा. तो ईमेल ज्या ज्या गळतीत सापडला असेल, त्यांची यादी तारखांसह समोर येते. साइट कधीही खात्याचा पासवर्ड विचारून ईमेल तपासत नाही, त्यामुळे तसं विचारणारं पान उघडलं असेल तर ते बंद करा. एक खाचखळगा मात्र आहे. शोध तंतोतंत पत्त्यावर चालतो. जीमेलला नावातले टिंब असले काय नि नसले काय, सारखेच. या साइटला नाहीत. टिंबासह आणि टिंबाविना, दोन्ही प्रकारे कुठे कुठे नोंदणी केली असेल, तर दोन्ही पत्ते वेगवेगळे तपासा. अधिक चिन्ह लावून केलेल्या पत्त्यांचंही तसंच.

यादी लांबलचक निघाली म्हणून छातीत धस्स व्हायचं कारण नाही. गळत्या किती, यापेक्षा प्रत्येक गळतीत काय काय गेलं ती ओळ महत्त्वाची, आणि नेमकी तीच ओळ बहुतेक लोक वाचत नाहीत. दोन नोंदी शेजारी ठेवून बघू.

बिगबास्केटची गळती ऑक्टोबर २०२०ची. दोन कोटींहून अधिक ग्राहकांच्या नोंदी आधी विकल्या गेल्या आणि २०२१च्या एप्रिलमध्ये जगजाहीर झाल्या. त्यात नाव, फोन, घरचा पत्ता, जन्मतारीख आणि एसएचए-१ पद्धतीने हॅश केलेले (मूळ शब्दाऐवजी त्यावरून काढलेल्या सांकेतिक अक्षरांत साठवलेले) पासवर्ड होते. एसएचए-१ मोजायला अतिशय वेगवान, आणि इथे तोच तिचा दोष ठरतो. साधं ग्राफिक्स कार्ड लावलं तरी सेकंदाला कोट्यवधी अंदाज तपासता येतात. म्हणून नाव आणि जन्मसाल जोडून केलेला पासवर्ड उलगडला गेला, असंच धरून चालायचं. तो पासवर्ड बदलाच, आणि तोच किंवा शेवटचा आकडा फिरवून केलेला जिथे जिथे असेल तिथेही बदला. बीक्रिप्ट असं लिहिलेलं दिसलं तर जरा श्वास घ्यायला वेळ मिळतो, कारण ती पद्धत मुद्दाम संथ बनवलेली आहे. पासवर्ड तेव्हाही बदलायचाच.

डॉमिनोज इंडियाची २०२१ची गळती वेगळ्या जातीची आहे. तिच्यात २ कोटी २५ लाख ईमेल, फोन, पत्ते आणि ऑर्डरचा इतिहास गेला, पण पासवर्ड नव्हते. अशा नोंदीनंतर पासवर्ड बदलत बसणं म्हणजे दार सोडून खिडकीला कुलूप. इथे धोका फोनवरून येतो. पलीकडच्या माणसाला तुमचं नाव, इमारत आणि जुनी ऑर्डर ठाऊक असते, एवढ्यावर विश्वास बसतो, मग ‘रिफंड अडकलाय’ म्हणत लिंक येते. ज्याला माझा पत्ता माहीत आहे तो खराच असणार, हा समज घरातल्या मोठ्यांच्या डोक्यातून काढायला हवा.

पासवर्ड बदलला तरी नोंद पुसली जात नाही, हेही ध्यानात असू द्या. ती झालेल्या गळतीची नोंद आहे, तुमच्या आजच्या स्थितीची नव्हे. गळतीची तारीख आणि तुम्ही शेवटचा पासवर्ड बदलल्याची तारीख ताडून पाहा, म्हणजे झालं.

साइट सर्वात जास्त गोंधळात टाकते ती ‘कलेक्शन #१’सारख्या नोंदींमध्ये. २०१९मध्ये आलेल्या या गठ्ठ्यात ७७ कोटींहून अधिक ईमेल आहेत, पण कुठून कुठून गोळा केलेले, ते कळत नाही. कुठला पासवर्ड गेला हेही साइट सांगत नाही, कारण ईमेल आणि पासवर्ड ती एकत्र साठवतच नाही. भूमिका योग्य आहे, पण वापरणाऱ्याच्या हाती फक्त काळजी उरते.

‘स्टीलर लॉग’ असं दिसलं तर मात्र सगळं बाजूला ठेवा. इथे कंपनीचा सर्व्हर फुटलेला नसतो. तुमच्या किंवा तुम्ही वापरलेल्या एखाद्या संगणकात, बहुधा क्रॅक केलेल्या सॉफ्टवेअरबरोबर, चोरटा प्रोग्रॅम शिरलेला असतो आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड व कुकी (तुम्ही लॉगिन केलेलं आहे हे साइटला सांगणारी खूण) त्याने उचललेल्या असतात. त्याच संगणकावर बसून पासवर्ड बदलले तर नवेही त्याच वाटेने जातील. क्रम असा ठेवा : दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून आधी मुख्य ईमेलचा पासवर्ड बदला, ‘सगळ्या उपकरणांवरून साइन आउट’ करा, मग बँक, मग बाकीचं. सगळीकडून साइन आउट केलं नाही तर चोरलेली कुकी पासवर्डविनाही चालू शकते. संक्रमित संगणक फॉरमॅट केलेला बरा. कोणकोणत्या साइटचे तपशील लॉगमध्ये गेले, ते ईमेलची मालकी सिद्ध केल्यावर इथेच बघता येतं, आणि ही सोय खरोखर मोलाची आहे.

याच साइटच्या ‘पोन्ड पासवर्ड्स’ या भागाला पैकीच्या पैकी गुण. पासवर्ड टाका, तो फुटलेल्या साठ्यात किती वेळा आलाय ते दिसतं. परक्या साइटवर पासवर्ड टाकायचा? शंका रास्त आहे, म्हणून आत काय होतं ते बघा. तुमचा ब्राउझर पासवर्डचा एसएचए-१ हॅश स्वतःच काढतो. ‘पासवर्ड’ हा इंग्रजी शब्दच पासवर्ड म्हणून ठेवला असेल तर हॅशची सुरुवात ५-बी-ए-ए-६ अशी होते. सर्व्हरकडे जातात ती एवढीच पाच अक्षरं. त्या सुरुवातीचे शेकडो हॅश परत येतात आणि जुळवणी तुमच्याच ब्राउझरमध्ये होते. अशा सुरुवाती एकूण १०,४८,५७६ असल्याने सर्व्हरला नेमका पासवर्ड कळत नाही. इतकं करूनही मन धजत नसेल, तर हीच तपासणी बिटवॉर्डनसारख्या पासवर्ड मॅनेजरमध्येही मिळते. निकाल मंडळींनी दुसऱ्या बाजूनेही वाचावा : ‘सापडला नाही’ म्हणजे पासवर्ड मजबूत, असं नव्हे.

आता दुखणं. आपल्याकडे निम्मी ॲप मोबाईल नंबर आणि ओटीपीवर चालतात, ईमेल कित्येकदा मागतही नाहीत. फेसबुकच्या ५३ कोटी खात्यांची माहिती २०२१मध्ये बाहेर आल्यावर इथे फोन नंबरने शोधण्याची सोय झाली होती, पण मे २०२५च्या नव्या रूपात साइटवरून ती काढून टाकली. भारतीय वापरासाठी ही सर्वात मोठी उणीव. २०२३मध्ये नंबर टाकताच लसीकरणाची माहिती देणारा टेलिग्राम बॉट फिरत होता (कोविनचा डेटाबेस थेट फुटल्याचं सरकारने नाकारलं), २०२४मध्ये स्टार हेल्थ या विमा कंपनीच्या ग्राहकांची माहिती पुन्हा टेलिग्राम बॉटवरूनच मिळत होती. अशा प्रकारांत ईमेलचा शोध तुटपुंजा पडतो. इथे हिरवा निकाल आला म्हणून निर्धास्त होऊ नका.

तेव्हा नंबर आणि आधार फुटलेच आहेत असं गृहीत धरून खालची कामं करावीत. अर्ध्या तासाच्या आत आटोपतात.

संचार साथी पोर्टलवर मोबाईल नंबर आणि ओटीपी टाकून तुमच्या नावावर किती सिम आहेत ते बघा. अनोळखी नंबरासमोर ‘हा माझा नंबर नाही’ निवडून तक्रार नोंदवता येते.

आधार देणाऱ्या यूआयडीएआयच्या साइटवर किंवा ॲपमध्ये बायोमेट्रिक लॉक करा. आधारवर चालणाऱ्या पैसे काढण्याच्या यंत्रणेत बोटाचा ठसा पुरतो, ओटीपी लागत नाही, आणि ठशाची नक्कल करून खाती रिकामी केल्याचे प्रकार घडलेले आहेत. मात्र गावाकडच्या आईवडिलांचं लॉक करण्यापूर्वी विचार करा. लॉक असताना रेशन दुकानातल्या मशीनवर अंगठा उमटत नाही, ३३० क्रमांकाची चूक येते, आणि दुकानदार ‘आधार बंद पडलंय’ म्हणून परत पाठवतो. त्यांना तात्पुरतं अनलॉक करायला शिकवा, नाहीतर ते काम फोनवरून तुम्ही करायचं हे आधीच ठरवा. लॉजवर किंवा भाडेकराराला झेरॉक्स मागितली तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात.

क्रेडिट रिपोर्ट. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चौघांकडून वर्षाला प्रत्येकी एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. दर तीन महिन्यांनी वेगळ्या ब्युरोचा काढला तर वर्षभर पहारा राहतो. त्यात स्कोअरकडे बघू नका, ‘एन्क्वायरी’चा तक्ता बघा. कधी नाव न ऐकलेली कर्ज देणारी कंपनी तिथे असेल तर तुमच्या पॅनवर कुणीतरी कर्ज मागितलंय. अमेरिकेसारखी क्रेडिट गोठवण्याची सोय आपल्याकडे नाही, त्यामुळे लक्ष ठेवणं हाच उपाय.

कार्डाच्या बाबतीत मात्र आपण बऱ्या स्थितीत आहोत. १ ऑक्टोबर २०२२पासून दुकानदार ॲपना कार्डाचा पूर्ण नंबर साठवता येत नाही, त्याऐवजी टोकन, म्हणजे बदली सांकेतिक क्रमांक, ठेवावं लागतं. एखादं दुकान फुटलं म्हणून लगेच कार्ड बदलण्याची घाई नको. आंतरराष्ट्रीय व्यवहार बँकेच्या ॲपमधून बंद ठेवले तरी पुष्कळ. तरीही पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० लावा आणि बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या जुलै २०१७च्या परिपत्रकानुसार चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही अशा प्रकारात, बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर तुमच्यावर भार येत नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर काही मर्यादेपर्यंत येतो. ओटीपी तुम्हीच सांगितला असेल तर हे संरक्षण मिळत नाही, कळवण्याच्या क्षणापर्यंतचं नुकसान तुमचं.

पर्यायांविषयी थोडक्यात. फायरफॉक्सवाल्यांचा मोझिला मॉनिटर ‘हॅव आय बीन पोन्ड’च्याच साठ्यावर चालतो, त्यामुळे दोन्हीकडे शोधून नवं काही हाती लागत नाही. गूगलने स्वतःची ‘डार्क वेब रिपोर्ट’ सेवा २०२६च्या सुरुवातीला बंद केली. त्यातून पुढे काय करायचं ते लोकांना कळत नव्हतं, असं कारण दिलं, आणि ते खरंच होतं. कायद्याच्या भरवशावर थांबण्यातही अर्थ नाही. वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले, पण गळतीची खबर ग्राहकाला देण्याचं बंधन लागू व्हायला त्यानंतर १८ महिन्यांची मुदत आहे.

म्हणून नव्या गळतीची सूचना पाठवणाऱ्या, याच साइटच्या ‘नोटिफाय मी’ सोयीत घरातले सगळे ईमेल नोंदवून ठेवा, शाळेच्या फॉर्मांवर दिलेला तो जुना याहूचा पत्ताही. पडताळणीचं पत्र स्पॅममध्ये गेलंय का बघा. त्यातली लिंक दाबली नाही तर नोंदणी अर्धवट राहते. या पडताळणीचा आणखी एक फायदा आहे. विवाहबाह्य संबंध जुळवणाऱ्या ॲश्ली मॅडिसन साइटसारख्या नाजूक गळत्या साध्या शोधात कुणालाच दिसत नाहीत, त्या फक्त ईमेलच्या मालकाला दिसतात. बाकीच्या नोंदी मात्र तुमचा ईमेल टाकून शेजारीही बघू शकतो. ते नको असेल तर ‘ऑप्ट-आउट’ पानावरून आपला पत्ता सार्वजनिक शोधातून काढून घेता येतो.