सूची नसलेले आत्मकथन

तालुक्याच्या महाविद्यालयात आयुष्यभर इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या एका प्राध्यापक-लेखकांचे आत्मकथन अकोटला वह्या-पुस्तकांच्या दुकानात सहज हाती लागले. सरांनी ते पदरमोड करून छापून घेतले आहे.

बालपण आणि नोकरीचा शोध ही प्रकरणे चारचौघांसारखीच असल्याने ती भरभर वाचून पुढे जावे. पुस्तक खरे उभे राहते ते अडगावच्या प्रकरणात. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा येथे पराभव केला, १५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि दोनच दिवसांनी झालेल्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेले. ज्या शिवारात हे घडले, तेथूनच येणाऱ्या मुलांना क्रमिक पुस्तकात त्याची जेमतेम एक ओळ सापडत असे. नेमक्या त्याच दिवसांत कापसाची वेचणी असल्याने वर्ग निम्मा रिकामा राही. तेव्हा सरांनी हजेरीवरून रागावण्याऐवजी रविवारी संध्याकाळी मुलांना त्या शिवारात नेऊन तो तास घेतला.

त्याहून मोलाचे आहे ते कोतवाल बुकाविषयीचे विवेचन. जातपडताळणीसाठी नक्कल काढायची आणि विसरायचे, एवढाच आपला या नोंदवहीशी संबंध. सरांनी मात्र तिच्यातील जन्ममृत्यूंच्या नोंदींवरून एकेका गावातील साथीची वर्षे मुलांकडून शोधून घेतली. घरोघरच्या पेट्यांतले मोडी कागद वाचायला तर त्यांनी स्वतः चाळिशीत ही लिपी शिकून घेतली. इतके करूनही लेखनात कोठे आढ्यता नाही.

महाविद्यालयातील गटबाजीचे प्रकरण मात्र निम्म्याने कमी करता आले असते. त्यातला कडवटपणा मुरलेला नाही. छपाईविषयी तक्रार आहेच. बांधणी कच्ची असून माझ्या प्रतीची आठ पाने दुसऱ्याच वाचनात सुटली, आणि १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिल्याचा उल्लेख एका ठिकाणी १९५३ असा छापला गेला आहे. पुस्तकाला सूचीही नाही. विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवहीला सूची नसेल तर ती परत करणाऱ्या सरांच्याच पुस्तकात ही उणीव राहावी, याचे हसूही येते. शेवटच्या कोऱ्या पानांवर मी गावांच्या नावांची सूची हाताने लिहून घेतली आहे.