निन्टेंडो ६४ ची म्हातारी स्टिक: दोन बदल्या आणि एक दुरुस्ती

"मावशी, मारिओ आजारी आहे का?" भाच्याने विचारलं. स्टिक पार पुढे दाबून धरली होती त्याने, आणि मारिओ आपला रमतगमत चालला होता. धावायचं नावच नाही.

आजारी होता तो कंट्रोलर. निन्टेंडो ६४ हे टीव्हीला जोडून खेळायचं यंत्र आलं १९९६ मध्ये. माझा राखाडी, तीन मुठींचा कंट्रोलर तेव्हापासूनचा नसला तरी तरुण म्हणण्यासारखाही नाही. बटणं सगळी ठणठणीत. या कंट्रोलरची बटणं सहसा जात नाहीत, जाते ती मधल्या मुठीवरची स्टिक.

बदली मागवण्याआधी जुना उघडून बघावा म्हटलं. पाठचे सगळे स्क्रू काढले तरी कवच हलेना. मी पट्टी घालून उचकटायच्या बेतात होते, तेवढ्यात दिसलं की मेमरी कार्ड घालायच्या खाचेत आत खोल अजून दोन बारीक स्क्रू आहेत. ते विसरून कितीजणांनी कवचं फोडली असतील देव जाणे. आत स्टिकचा डबा तीन स्क्रूंवर बसवलेला, त्याच्या पाठीला झेड बटणाची छोटी पट्टी, आणि डबा उघडताच पांढरी पूड. ही पूड म्हणजे घासून गेलेली स्टिकच.

दांड्याचं खालचं टोक प्लॅस्टिकच्या वाटीत फिरतं. दांड्याला दोन कमानी अडकवलेल्या असतात, आणि प्रत्येक कमान खाचा पाडलेली एक चकती फिरवते. चकतीच्या एका अंगाला इन्फ्रारेड दिवा, दुसऱ्या अंगाला सेन्सर. किती खाचा सरकल्या हे मोजून स्टिक किती कलली ते ठरतं. खाली गोळी असलेल्या जुन्या माउससारखंच. म्हणजे स्टिक कुठे आहे हे कंट्रोलरला कधीच माहीत नसतं, फक्त किती हलली एवढंच कळतं. चालू करताना ती जिथे असेल ते शून्य. चुकून दाबलेली राहिली तर एल, आर आणि स्टार्ट ही बटणं एकदम दाबायची, शून्य नव्याने धरलं जातं. बिघाड समजून फेकून दिलेल्या कंट्रोलरांपैकी काही तरी एवढ्यावर सुधारले असते.

तर वाटी झिजली की दांडा खाली बसतो, कमानींच्या खाचा रुंदावल्या की दांडा त्यात नुसताच डुलतो, आणि चकती पूर्ण फिरतच नाही. एसडी कार्ड घालता येणाऱ्या कार्ट्रिजवर चाचणीचा प्रोग्राम टाकून मी स्टिकच्या कलाचे आकडे घेतले. चांगली मूळ स्टिक सरळ दिशांना साधारण ८० ते ८५ पर्यंत जाते. माझी वर ५८, उजवीकडे ६१. सुपर मारिओ ६४ मध्ये ८ च्या खालचा आकडा शून्य धरतात, त्यावरच्यातून ६ वजा करतात आणि उत्तर ६४ ला थांबवतात. म्हणजे पूर्ण वेगाने धावायला ७० तरी हवेत. ५८ मध्ये मारिओ चालतो हेच खूप झालं.

पहिली बदली म्हणजे आख्खा नवा नकली कंट्रोलर. दिसायला हुबेहूब, वजनाला पोकळ. नाव घेत नाही, कारण एकाच साच्यातून निघाल्यासारखा तो दहा नावांनी विकला जातो. मेमरीची खाच इतकी ढिली की रंबल पॅक, म्हणजे कंट्रोलर थरथरवणारा जोड, त्यातल्या दोन ट्रिपल ए सेलसह, आपल्याच थरथरीने बाहेर सरकायचा. बटणांखालचं रबर कडक होतं. मूळ कंट्रोलरची रबरं काढून कडा थोड्या कातरून बसवली, तेव्हा बटणं माणसात आली. स्टिकला मात्र इलाज नव्हता. आकडा ११० च्या वर, आणि त्यातही निम्म्या कलातच ७० पार. मारिओ एकतर उभा, नाहीतर सुसाट. मधलं काही नाही.

याची परीक्षा घ्यायची एक जागा मी ठरवून ठेवली आहे: सुपर मारिओ ६४ च्या व्हॉम्प्स फोर्ट्रेस या टप्प्यातला झोपलेला पिरान्हा प्लँट, म्हणजे चावरं झाड. अंगाईचं संगीत वाजत असतं, आणि पाय न वाजवता गेलं तरच तो झोपलेला राहतो. नकली स्टिकवर सात वेळा प्रयत्न केला, सातही वेळा तो जागा झाला.

दुसरी बदली फक्त स्टिकच्या डब्याची, निन्टेंडोच्याच पुढच्या यंत्राच्या, गेमक्यूबच्या, धर्तीवरची. बसवायला सोपी: तीन स्क्रू आणि एक प्लग. यात चकत्या नाहीत, पोटेन्शियोमीटर (फिरवला की विजेचा रोध बदलणारा भाग) आहेत, आणि एक छोटी चिप चकतीच्या खाचांची नक्कल करून कंट्रोलरला फसवते. हाताला फार छान लागते, हे कबूल. वर रबर, मध्ये परत येताना घट्ट, डुलणं नाही. मारिओ कार्टला, म्हणजे गाड्यांच्या शर्यतीला, मी हीच वापरीन. पण गोल्डनआय ००७ या गोळीबाराच्या खेळात आर दाबून नेम धरला की निशाण डोक्यावरून थेट छताला जायचं. आकडा १०४.

इथे मी एक शहाणपणा केला, तो सांगते म्हणजे तुमची संध्याकाळ वाचेल. दांड्याभोवतीच्या अष्टकोनी कडेच्या आत पातळ प्लॅस्टिकची कडी कापून चिकटवली, म्हणजे स्टिक कमी कलेल. आकडा आला ८६. मी खूश. खेळून पाहिलं तर निशाण तितकंच उधळतं! मग डोक्यात प्रकाश पडला. कल कमी केला म्हणून दर अंशाला किती आकडे पडतात ते थोडंच बदलतं? हळू चालायची जागा होती तेवढीच अरुंद राहिली, वरचा भाग मात्र मी कापून टाकला होता. हा दोष चिपमधल्या प्रोग्रामचा आहे, पट्ट्या चिकटवून जात नाही. म्हणून अशी स्टिक घ्यायची असेल तर पल्ला बदलता येतो का, हे आधी विचारा. चुंबकावर चालणाऱ्या हॉल सेन्सरच्या स्टिकलाही हाच प्रश्न विचारा. ती झिजत नाही म्हणून प्रमाणात असेलच असं नाही.

शेवटी जुन्याच डब्याकडे वळले. आधी फक्त वाटी नवी घातली: ५८ चे ६६ झाले, डुलणं तसंच. मग कमानी आणि दांडाही नवा. आता चारी दिशांना ८२, ८३, ८० आणि ८१. पोलादी वाटीही मिळते, पण कठीण वाटीत मऊ दांडा झिजणार, आणि वाटीपेक्षा दांडा मिळवणं मला जड गेलं. मी प्लॅस्टिकचीच ठेवली. प्लॅस्टिकला न खाणारं ग्रीस वाटीत काडीच्या टोकाएवढं घाला. चकत्यांना बोट लावू नका, सेन्सरवर ग्रीस गेलं की आकडे वेड्यासारखे उड्या मारतात. आणि झेडची पट्टी परत बसवायला विसरू नका, मी एकदा विसरले.

सेकंडहँड मूळ कंट्रोलर घेणार असाल तर आधीच्या मालकाकडे पहिली मारिओ पार्टी होती का ते विचारा. १९९८ च्या त्या खेळात तळहाताने स्टिक गरागरा फिरवायची असते. हातांना इतके फोड आले की २००० मध्ये निन्टेंडोला अमेरिकेत हातमोजे द्यायचं कबूल करावं लागलं. हातांचं ते झालं, वाटीचं काय झालं असेल?

नकली कंट्रोलर मी ठेवला आहे, पाहुण्यांसाठी. गेमक्यूबवाली स्टिक दुसऱ्या एका कवचात गेली, ती कार्टची. आणि दुरुस्त केलेला भाच्याच्या हातात. काल तो पिरान्हा प्लँटजवळून चालला होता, एक एक पाऊल, आणि मला म्हणाला, "मावशी, तू पण हळू बोल."