थायलंड पॅकेज: तिकिटं चोख, हॉटेल रामभरोसे

ठाण्यात चरईला माझं ब्लाउज शिवायचं छोटं दुकान आहे. बँकॉकला जायचं ठरल्यावर मला बीचही नको होता आणि वाघ-हत्तीही नकोत, बाजार हवा होता. हे मात्र "आईला घेऊन वणवण नको, पॅकेजच घेऊ" यावर अडून बसले. म्हणून नौपाड्यातल्या एका टूरवाल्यांकडे बुकिंग केलं. नाव लिहीत नाही, रोज रस्त्यात भेटतात.

आधी चांगलं सांगते. विमानाची तिकिटं, इन्शुरन्स, विमानतळावर नावाची पाटी घेऊन उभा असलेला ड्रायव्हर, सगळं वेळेत. टीडीएसी म्हणजे थायलंडचा तो ऑनलाइन अरायव्हल फॉर्मही त्यांनीच भरला. पण माणशी ३०० रुपये लावले! हा फॉर्म १ मे २०२५ पासून सक्तीचा झालाय, सरकारी साइटवर फुकट आहे आणि पोचायच्या तीन दिवस आधीपासून भरता येतो. माझ्या लेकीने तो नंतर मैत्रिणीसाठी चहा पिता पिता भरून दिला.

आता हॉटेल. ऑफिसात दाखवलेले फोटो बँकॉकच्या प्रतुनाम भागातल्या एका हॉटेलचे, प्रत्यक्षात उतरवलं शेजारच्या गल्लीतल्या दुसऱ्याच हॉटेलात. म्हणे "त्याच कॅटेगरीचं आहे." विमान पहाटे उतरलं आणि चेक-इन दुपारी दोनला, हे कोणी आधी सांगितलं नव्हतं. सासूबाई लॉबीतल्या सोफ्यावर शाल पांघरून बसल्या, त्यांच्या गुडघ्यांनी पुढचे दोन दिवस त्याचा वचपा काढला. शेजारी-शेजारी खोल्या कबूल केल्या होत्या, मिळाली एक चौथ्या मजल्यावर आणि एक नवव्या. वर २००० बाथ रोख डिपॉझिट. तेव्हा आपले अडीच-पावणेतीन रुपये म्हणजे एक बाथ होता, करा हिशेब.

आणि ती काच! बाथरूम आणि खोली यांच्यामध्ये भिंत नाही, आरपार काच. पडदा नाही, जाळी नाही. हनिमूनवाल्यांना गंमत असेल, पण आजी-नात एका खोलीत म्हटल्यावर काय करायचं? सासूबाई म्हणाल्या, "अगं, मी अंघोळच करत नाही, ठाण्याला जाऊन करीन." मग खालच्या सेव्हन-इलेव्हनमधून रुंद चिकटपट्टी आणली आणि सोबतची सोलापुरी चादर काचेवर लावली. वाफेने चादर रोज सुटायची, रोज नव्याने लावायचे. टूरवाल्यांना फोन केला तर "मॅडम, तिकडे असंच असतं." खोली बदलून मिळाली नाही ती नाहीच. जाताना ५०० बाथ कापले, कारण सासूबाईंच्या हळद-तेलाने टॉवेल पिवळा झाला होता. ते मात्र रास्त, बोर्डावर लिहिलेलं होतं.

सिटी टूरमध्ये 'वाट त्राइमित' या देवळातली सोन्याची बुद्धमूर्ती खरंच बघण्यासारखी. साडेपाच टन सोनं, पण कित्येक वर्षं वरून चुन्याचा गिलावा होता. १९५५ साली मूर्ती हलवताना दोर तुटला, गिलावा फुटला आणि आतलं सोनं दिसलं. त्या देवळापासून सांपेंगची बाजारगल्ली चालत जाण्याइतकी जवळ, आणि बस आम्हाला घेऊन गेली कुठे? रत्नांच्या शोरूममध्ये! तिथे तास-दीड तास नीलम बघत बसवलं. कमिशनचा मामला असतो, कुणी सांगायला नको.

म्हणून मोकळ्या दिवशी लेकीला घेऊन मी सकाळीच टॅक्सी केली. मीटर ३५ बाथपासून सुरू होतं. मीटर लावणार नसेल तर पुढची टॅक्सी बघायची. आधी 'पाहुरात' नावाचा कापडबाजार. कापडाचे ताकेच्या ताके, आणि दुकानदार बरेचसे शीख, त्यामुळे हिंदीत घासाघीस! बाजूलाच सोनेरी घुमटाचा गुरुद्वारा आहे. तिथली गरम डाळ-रोटी पॅकेजमधल्या रोजच्या त्याच त्या पनीरपेक्षा दहापट बरी.

एकाने "प्युअर थाय सिल्क" म्हणून जांभळं कापड पुढे केलं. मी कडेचा एक आडवा धागा ओढला आणि त्याच्याच उदबत्तीला लावला. लगेच आखडला, टोकाला काळा टणक मणी. पॉलिएस्टर. खरं रेशीम जळताना केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरते. तो हसला आणि आतून दुसरा ताका काढला, त्याला मोराचा शिक्का होता, म्हणजे थाय रेशमाची सरकारी खूण. हे मोर चार रंगांचे असतात. सोनेरी, रुपेरी आणि निळा म्हणजे अस्सल रेशीम, हिरवा म्हणजे दुसऱ्या धाग्याची भेसळ. हा निळा होता. दोन ब्लाउजपुरतं घेतलं, कारण दर खालीच येईना.

तिथून पुढे सांपेंग. दिवाळीतला आमच्या ठाण्याचा जांभळी नाक्याचा बाजार डोळ्यांपुढे आणा आणि त्यात मालाच्या हातगाड्या अन् मोटारसायकली घुसवा. बटणं किलोवर, लेसची रिळंच्या रिळं, टिकल्या, मण्यांच्या माळा, हुक. भाव कॅल्क्युलेटरवर. एक नग विचारला तर एक आकडा, डझन म्हटलं की दुसरा. शंखाची बटणं दातावर हलकेच वाजवून घेतली, प्लास्टिक असेल तर आवाज बद्द येतो. लेक म्हणाली, "आई, लोक बघतायत." बघू देत. बॅग परतीला वजनकाट्यावर काठावर पास झाली, सासूबाईंच्या औषधांच्या पिशवीत दोन किलो बटणं होती म्हणून.

पाचातले अडीच तारे, तेही तिकिटांसाठी. यांच्याकडून बुकिंग करणार असाल तर हॉटेलचं नाव, मजला आणि बेड कसे ते व्हाउचरवर लिहून घ्या, आणि शोरूमची भेट टाळता येते का ते पैसे भरायच्या आधी विचारा. तक्रारीवर त्यांनी दुबईच्या टूरसाठी २००० रुपयांचं कूपन दिलंय. आम्ही काही जात नाही. कुणाला हवं असेल तर दुपारी चारनंतर दुकानात या.