कालावधी कशात ठेवायचा: नुसता आकडा, ड्युरेशन की पीरियड?

बरेच जण टाइमआउट, म्हणजे उत्तराची किती वेळ वाट बघायची ते, सरळ इंटिजरमध्ये (पूर्णांकात) ठेवून मोकळे होतात. टाइमआउट 30. पण 30 काय, सेकंद की मिलिसेकंद? आमच्या एका सर्व्हिसमध्ये नेमकं हेच झालं, कॉन्फिग लिहिणाऱ्याने सेकंद धरले, कोडने मिलिसेकंद, आणि रिक्वेस्ट धडाधड टाइमआउट व्हायला लागल्या, आम्ही अर्धा दिवस नेटवर्क तपासत बसलो. आकडाच ठेवायचा असेल तर निदान व्हेरिएबलच्या नावात एकक लिहा.

ड्युरेशन टाइप, म्हणजे वेळेची लांबी एककासकट ठेवणारा टाइप, वापरला की हा घोळ बराच कमी होतो, पण सगळे ड्युरेशन सारखे नसतात. गो भाषेत तो आतून नॅनोसेकंदांचा 64 बिट इंटिजर आहे, साधारण 290 वर्षांपर्यंत पुरतो, हलका आणि फास्ट. फक्त स्लीपला नुसतं 10 दिलं तरी कंपाइल होतं आणि प्रोग्रॅम 10 नॅनोसेकंदच थांबतो! सी प्लस प्लसची वेळेची लायब्ररी क्रोनो याबाबतीत कडक, तिथे एकक टाइपमध्येच असतं आणि इंटिजर मिलिसेकंद सेकंदांत टाकायला गेलात तर कंपाइलर अडवतो, कास्ट (टाइप बदलण्याची सूचना) स्वतः लिहावा लागतो. मला हे सगळ्यात जास्त आवडतं, लिहायला जरा जड जातं तरी. रस्टचा ड्युरेशन छान आहे पण निगेटिव्ह होत नाही, लहानातून मोठा वजा केला की पॅनिक, म्हणजे प्रोग्रॅम तिथेच बंद पडतो.

पायथनचा ड्युरेशन म्हणजे टाइमडेल्टा, तो आतून दिवस, सेकंद, मायक्रोसेकंद असे तीन भाग ठेवतो. 26 तास चाललेल्या जॉबचे सेकंद म्हणून कोणी सेकंड्स घेतलं तर हातात येतात 7200, कारण एक दिवस वेगळा काढून ठेवलेला असतो. तिथे टोटल सेकंड्सच हवं, ते सगळे मिळून सेकंद देतं. हा बग टेस्टमध्ये सापडत नाही कारण टेस्टमधला जॉब दोन मिनिटांत संपतो.

आता पीरियड, म्हणजे कॅलेंडरच्या दिवस, महिने, वर्षांत मोजलेला कालावधी. जावा 8 मध्ये ड्युरेशन आणि पीरियड मुद्दाम वेगळे ठेवलेत आणि ते अगदी बरोबर केलंय. काही देशांत उन्हाळ्यासाठी घड्याळ तासभर पुढे करतात, त्या रात्रीच्या आदल्या सकाळी 9 च्या, टाइम झोनसकट असलेल्या वेळेत एक दिवसाचा ड्युरेशन मिळवला तर दुसऱ्या दिवशीचे 10 येतात, कारण त्याच्या लेखी दिवस म्हणजे 24 तास. एक दिवसाचा पीरियड मिळवला तर 9 च. महिन्याचंही तसंच, 31 जानेवारीत एक महिना मिळवला की फेब्रुवारीची शेवटची तारीख, आणि परत एक महिना वजा केला तर 31 जानेवारी काही मिळत नाही.

म्हणून रिट्राय, कॅश, टाइमआउट, वेळ मोजणं यासाठी डोळे झाकून ड्युरेशन घ्या, आणि सबस्क्रिप्शन, मुदत, रिमाइंडर यासाठी पीरियड. महिना म्हणजे 30 दिवस धरून ड्युरेशनमध्ये कोंबू नका, प्लीज. आणि आयएसओ 8601 (तारीख-वेळ लिहिण्याचं स्टँडर्ड) च्या स्ट्रिंगमध्ये सेव्ह करत असाल तर टी विसरू नका, पी1एम म्हणजे एक महिना आणि पीटी1एम म्हणजे एक मिनिट.